ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा तर काय घ्यावं: तारा, डीआय, अ‍ॅम्प आणि मांडवातली वीज

प्रश्न थोडक्यात असा आहे: हाताशी चार तारांचा साधा बेस (बेस गिटार) आणि १५ वॅटचा घरगुती अ‍ॅम्प आहे. आता हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचं आहे, कधी नाट्यगृहात, कधी गणपती-नवरात्रात मांडवात. लाखभर रुपये खर्च करायची तयारी आहे. पाच तारांचा बेस घ्यावा का, अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह, अ‍ॅम्प किती वॅटचा, आणि आणखी काय लागेल?

पैशांची वाटणी आधी सांगतो. निम्मे पैसे बेसवर आणि त्याच्या सेटअपवर, तीसेक टक्के (स्पीकर आतच असलेल्या) कॉम्बो अ‍ॅम्पवर, उरलेले डीआय (बेसचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करून देणारी डबी), ट्यूनर, लीड (बेस जोडायची केबल) आणि विजेच्या सामानावर. बरेच जण नेमकं उलटं करतात: मोठा अ‍ॅम्प घेतात आणि डीआय साउंडवाल्याच्या भरवशावर सोडतात. पण आपल्याकडच्या कार्यक्रमात लोकांना ऐकू येणारा बेस तुमच्या अ‍ॅम्पमधून येतच नाही. तो डीआयमधून मिक्सरला जातो आणि तिथून पीएच्या, म्हणजे लोकांसाठीच्या साउंड सिस्टिमच्या, सबमधून (तळाच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरमधून) बाहेर पडतो. स्टेजवरचा अ‍ॅम्प तुमच्यासाठी आणि शेजारच्या रिदमवाल्यांसाठी. म्हणून बेसपासून मिक्सरपर्यंतची वाट स्वच्छ असणं हे पहिलं काम.

चार की पाच तारा, याचं उत्तर गायकांच्या पट्टीत आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार म्हणजे ई, ४१.२ हर्ट्झ, आपल्या भाषेत सफेद तीनचा (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) खर्ज. समजा मूळ गाण्याची बेसलाइन मोकळ्या ई तारेवर सा धरून रचलेली आहे आणि आजचा गायक म्हणतो, ‘सफेद दोनमध्ये घ्या.’ आता सा झाला डी, आणि तो तुमच्या सर्वांत खालच्या सुराच्याही खाली गेला. पर्याय उरतो एकच: पूर्ण लाइन ए तारेवर पाचव्या फ्रेटपासून, म्हणजे एक सप्तक वर वाजवायची. सूर बरोबर असतात, पण गाण्याचा तळ निघून जातो. पुरुष गायकांच्या सफेद एक, काळी एक, सफेद दोन या पट्ट्यांत ही अडचण सारखी येते. पाचवी बी तार असली की हे तिन्ही खर्ज तिच्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटवर मिळतात. शिवाय पट्टी ऐन वेळी बदलली तरी बोटांची ठेवण तीच राहते, फक्त हात सरकवायचा. गायिकांच्या काळी चार, काळी पाच पट्टीत चार तारा पुरतात. तिथे सा ई तारेवरच चौथ्या आणि सहाव्या फ्रेटवर आहे. पण ऑर्केस्ट्रात दोन्ही तऱ्हेचे गायक असतात, म्हणून तुम्हाला पाच तारांचाच बेस घ्यायला सांगेन.

त्यात सगळी परीक्षा बी तारेची. दुकानात ती चौथ्या-पाचव्या फ्रेटवर जोरात आणि मग हळू वाजवून बघा. सूर लगेच ठरतो का, की आधी वर जाऊन मग खाली बसतो? हा झोल असेल तर पहिला संशय तारेच्या जाडीवर घ्या. स्वस्त बेसवर बी तार बऱ्याचदा १२० किंवा १२५ची (इंचाच्या हजाराव्या भागांत जाडी) येते. १३०ची लावली की ताण वाढतो आणि तार घट्ट वाटते. ३५ इंची स्केल (नटपासून पुलापर्यंत तारेची लांबी) असेल तर आणखी बरं, पण ३४ इंचातही चांगला बांधलेला नेक काम देतो. नवी जाड तार लावण्याआधी नटची (नेकच्या डोक्याकडे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची) खाच बघा. तार खाचेत पूर्ण बसली नाही तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सगळे सूर चढे लागतात, आणि त्याचं खापर उगाच ट्यूनरवर फुटतं.

बी तारेचा मूळ सूर ३०.९ हर्ट्झचा. आपल्याकडचे बहुतेक सब आणि जवळजवळ सगळे कॉम्बो तो सूर नीट देत नाहीत; कानाला कळतो तो त्याच्या दुप्पट, म्हणजे ६२ हर्ट्झच्या आसपासचा. त्यामुळे बी तारेसाठी लो नॉब फिरवत बसण्यात अर्थ नाही. उलट ३५ हर्ट्झखालचा भाग हाय-पास फिल्टरने कापला की अ‍ॅम्पची ताकद वाया जात नाही, स्पीकरचा कोन उगाच फडफडत नाही आणि तळ जास्त स्पष्ट येतो.

आता पिकअप. फेंडर प्रिसिजन बेस १९५१ साली आला, त्याचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ साली, आणि जॅझ बेस १९६०मध्ये. आजचे बहुतेक बेस या दोन घराण्यांतलेच. दोन तुकड्यांचा पिकअप हम, म्हणजे विजेची गुणगुण, स्वतःच मारून टाकतो. जॅझचे दोन सिंगल-कॉइल पिकअप दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडले तरच हम मारतात. एक जरा कमी केला की ५० हर्ट्झची गुणगुण सुरू. मांडवात लाइटचे डिमर आणि स्वस्त एलईडी पार दिवे स्टेजच्या कडेलाच असतात, तिथे हा फरक फार जाणवतो. म्हणून जॅझ प्रकारचा बेस घेतला तर दोन्ही नॉब पूर्ण उघडे ठेवून आवाज हाताने बदलायची सवय करा: पुलाजवळ (तारा बेसच्या अंगावर टेकतात त्या ब्रिजजवळ) वाजवलं की टणक, नेकच्या टोकाशी वाजवलं की गोल. खास हम मारणारे, आतून दोन कॉइलचे पिकअप असलेले बेसही मिळतात. सतत मांडवात वाजवणाऱ्याने तेच घ्यावेत.

अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह हा वाद जरुरीपेक्षा जास्त मोठा केला जातो. अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प असतो. लांब लीड लावली तरी त्याचा वरचा आवाज मरत नाही आणि इक्यू (जाड-बारीक आवाज कमीजास्त करायचे नॉब) हाताशी राहतो. पण जॅकमध्ये लीड घातली की बॅटरी सुरू होते, म्हणून मध्यंतरात लीड काढून ठेवायची. बॅटरी संपत आली की जोरात वाजवलेला सूर आधी फाटतो आणि मग एकूण आवाज पडतो. लोक याला स्पीकर फुटला समजतात. पाच तारांसाठी अ‍ॅक्टिव्ह घ्या, पण अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह स्विच असलेला. गाण्याच्या मध्ये बॅटरी गेली तर स्विच टाकून कार्यक्रम पुढे नेता येतो. हा स्विच सगळ्या बेसवर नसतो, म्हणून विकत घेताना मुद्दाम विचारा.

या बजेटमध्ये यामाहाचा टीआरबीएक्स ३०५, आयबानेझची एसआर मालिका, सायरचे पाच तारांचे जॅझ प्रकार, कॉर्टचे बेस हे सगळे बघण्यासारखे आहेत. एसआरचा नेक बारीक आहे, छोट्या हाताला सोयीचा. सायरचा आवाज जॅझ घराण्याचा, पण काही नग वजनाने जड निघतात. वजनाकडे दुर्लक्ष करू नका. तीन-साडेतीन तासांचा कार्यक्रम उभं राहून वाजवायचा तर ४ किलोच्या पुढचा बेस खांद्याला जाणवतो. निदान ३ इंच रुंदीचा पट्टा लावा. बेस पट्ट्यावर सोडून दोन्ही हात काढून बघा: डोकं खाली झुकत असेल तर डावा हात पूर्ण कार्यक्रमभर नेक उचलण्यातच दमेल.

बेस कुठलाही घ्या, सेटअप केल्याशिवाय स्टेजवर नेऊ नका. पहिला फ्रेट कॅपोने आणि शेवटचा बोटाने दाबून सातव्या-आठव्या फ्रेटशी तार आणि फ्रेट यांत ०.३ ते ०.३५ मिमी फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, मग ट्यून करून थोडं थांबून पुन्हा मोजा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. रॉड जड लागला की थांबा आणि जाणत्याकडे न्या. त्यानंतर सतराव्या फ्रेटवर तारांची उंची: बारीक तारेकडे साधारण २ मिमी, जाड तारेकडे २.४. शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागेल अशी तारेची लांबी. हा क्रम बदलला तर सगळं पुन्हा करावं लागतं, कारण रॉड फिरला की उंची बदलते आणि उंची बदलली की इंटोनेशन. कोकण, मुंबई, गोव्याच्या पावसाळ्यात नेकचं लाकूड ओल धरतं आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात सुकतं. त्यामुळे जून आणि ऑक्टोबर, अशी वर्षातून दोनदा ही मापं घ्याच.

तारांबद्दल. जुन्या हिंदी गाण्यांचा बेस हवा असेल तर फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्याच्या, गुळगुळीत) तारा लावून बघा. १९६०-७०च्या दशकांत जगभर रेकॉर्डिंगमध्ये त्या सर्रास वापरल्या जात. मोटाउनच्या जेम्स जेमर्सनचा आवाज म्हणजे १९६२चा प्रिसिजन आणि फ्लॅटवाउंड. सूर लवकर बसतो, बोटांची घसघस येत नाही आणि ढोलकी-तबल्याशेजारी तो छान मिसळतो. नव्या गाण्यांत, विशेषतः स्लॅप (अंगठ्याने तारेवर ठोका) असेल तिथे, राउंडवाउंड (गोल वेटोळ्याच्या, खरबरीत) स्टेनलेस स्टील किंवा निकेल. ऑर्केस्ट्रात दोन्ही काळातली गाणी असतात, म्हणून एकच बेस असेल तर निकेल राउंडवाउंड लावून टोनचा नॉब निम्म्यापर्यंत उतरवणं हा व्यवहार्य मार्ग. घामाच्या आणि दमट हवेच्या दिवसांत कार्यक्रम संपताच तारा सुक्या सुती कापडाने खालून-वरून पुसा. गंज बहुधा खालच्या बाजूने सुरू होतो, आणि तिथे कोणाचं लक्ष नसतं.

आता डीआय. पॅसिव्ह बेसच्या पिकअपला मोठ्या इनपुट इम्पीडन्सची (सिग्नलला होणाऱ्या विरोधाची) गरज असते, एक मेगाओमच्या आसपास. थेट मिक्सरच्या लाइन इनपुटात घातला तर वरचा आवाज दबतो आणि बेस चिखलासारखा येतो. शिवाय साध्या लीडमध्ये कपॅसिटन्स असतो. लांबी वाढली की तोही वरचा आवाज खातो आणि हम पकडतो. बेस ते डीआय लीड ५-६ मीटरपेक्षा लांब नको. डीआयच्या पुढे एक्सएलआर केबल बॅलन्स्ड असते, ती ५० मीटर गेली तरी चालते. अ‍ॅक्टिव्ह बेसला पॅसिव्ह डीआय पुरतो, पॅसिव्ह बेसला अ‍ॅक्टिव्ह डीआय. अ‍ॅक्टिव्ह डीआय मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवर (माइकच्या केबलमधूनच येणाऱ्या विजेवर) किंवा बॅटरीवर चालतो, तेव्हा साउंडचेकला ‘चॅनल म्यूट करून फँटम द्या’ हे आधी सांगा. म्यूट न करता प्लग घातला तर सबमधून येणारा धडाका स्पीकर जाळू शकतो.

प्रीअ‍ॅम्प आणि डीआय एकत्र असलेला पेडल, उदाहरणार्थ टेक २१चा सॅन्सअ‍ॅम्प बेस ड्रायव्हर, हा बेसवाल्याने स्वतःचा ठेवावा. मग मिक्सरवर काहीही असो, तुमचा आवाज तुमच्याच हातात. साखळी सोपी ठेवा: बेस, ट्यूनर, कॉम्प्रेसर (फार मोठे सूर दाबून आवाज सारखा ठेवणारा पेडल), प्रीअ‍ॅम्प-डीआय. कॉम्प्रेसरचा रेशो ४:१, अटॅक २० ते ३० मिलिसेकंद, म्हणजे बोटाचा पहिला ठोका वाचतो. जोरात वाजवल्यावर मीटर ४-५ डीबी खाली जावा, जास्त नाही. इक्यूचा मोह आवरा. ८०-१०० हर्ट्झला ऊब, २००-२५०ला गढूळपणा, ७०० ते ९००ला ‘कोणता सूर वाजतोय’ ते कळतं, २-३ किलोहर्ट्झला बोटांचा आवाज. गर्दीत बेस ऐकू येत नाही म्हणून लो वाढवणं ही सर्वांत नेहमीची चूक. कीबोर्डवाल्याचा डावा हात, ढोलकीची धुम, तबल्याचा डग्गा आणि ऑक्टोपॅडची किक त्याच जागी बसलेले असतात. २५० कमी करा, ८०० थोडं वाढवा. आणि कीबोर्डवाल्याला आधीच सांगा की बेस असलेल्या गाण्यांत डावा हात मधल्या सप्तकाच्या खाली आणू नये. कुठल्याही नॉबपेक्षा या एका बोलण्याने जास्त फरक पडतो.

अ‍ॅम्पचं गणित. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डीबी वाढ होते, म्हणजे थोडासा मोठा आवाज. म्हणून १००वरून २०० वॅटवर जाऊन चमत्कार होत नाही. स्पीकरची संख्या आणि कॅबिनेट जास्त बोलतं. १९६९चा अ‍ॅम्पेग एसव्हीटी ३०० वॅटचा होता आणि १० इंची आठ स्पीकर हलवायचा, तेव्हा पीएत बेस घालायची पद्धत रुळली नव्हती. आज तालमीला आणि स्टेज मॉनिटरला १०० वॅट आणि १२ इंची स्पीकरचा कॉम्बो पुरतो. फेंडर रंबल १०० हे याचं नेहमीचं उदाहरण, वजन साधारण १० किलो. पीए नसलेल्या दोनशे माणसांच्या हॉलमध्ये मात्र ३००-५०० वॅट आणि १० इंची दोन स्पीकर लागतात. उघड्या मैदानावर भिंतींचा आधार नसल्याने तळ विरून जातो. तिथे अ‍ॅम्पने लोकांपर्यंत पोचायचा प्रयत्न करूच नका. हेड (स्पीकरशिवायचं यंत्र) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगळं घेणार असाल तर इम्पीडन्स बघा: ८ ओमची दोन कॅबिनेट मिळून ४ ओम होतात आणि बहुतेक क्लास-डी हेडची मर्यादा ४ ओमच असते. ‘५०० वॅट’ हा आकडाही ४ ओमचा. ८ ओमच्या एका कॅबिनेटवर त्यातले ३०० मिळतील. हेड ते कॅबिनेट स्पीकर केबलच वापरा, शक्यतो स्पीकॉन (फिरवून घट्ट बसणारा स्पीकरचा प्लग). गिटारची लीड तिथे लावली तर ती तापते.

बऱ्याच कॉम्बोंच्या डीआय आउटला प्री-पोस्ट स्विच असतो, म्हणजे सिग्नल नॉबांच्या आधी घ्यायचा की नंतर. तो प्रीवर ठेवा, म्हणजे स्टेजवर नॉब फिरवले तरी पीएतला आवाज हलत नाही. मांडवाचं स्टेज म्हणजे पोकळ फळ्या. अ‍ॅम्प थेट त्यावर ठेवला की फळ्या गुंजतात आणि काही सूर फुगतात, काही गायब होतात. जाड फोमवर किंवा भक्कम क्रेटवर ठेवून मागे कलता करा, स्पीकर कानाकडे. गुडघ्यांकडे वाजणारा अ‍ॅम्प तुम्हाला कमी ऐकू येतो, म्हणून तुम्ही वाढवत जाता आणि गायकाच्या माइकमध्ये तो घुसतो.

आता सर्वांत महत्त्वाचं: वीज. बेसच्या तारा पुलामार्गे जॅकच्या ग्राउंडला आणि तिथून अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. गायकाचा माइक मिक्सरच्या ग्राउंडला. या दोघांची वीज वेगवेगळ्या ठिकाणाहून आली असेल किंवा अर्थिंगच नसेल, तर हातात तार आणि ओठ माइकला लागताच झटका बसतो. कधी झिणझिण्या, कधी जिवावर बेतणारा. कोरससाठी माइक वापरत असाल तर हे तपासल्याशिवाय वाजवू नका. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून बोर्डात बघा: फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे किंवा काहीही भलतं दाखवत असेल तर अर्थिंग नाही. मग मीटरची एक पिन बेसच्या पुलाला आणि दुसरी माइकच्या जाळीला लावा. एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वायरमनला बोलवा, जनरेटरचं अर्थिंग जमिनीत नीट गेलंय का ते बघायला सांगा आणि तुमचा बोर्ड मिक्सरच्याच सप्लायवर घ्या. स्वतःच्या एक्स्टेंशन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच) बसवून घेणं हा या यादीतला सर्वांत चांगला खर्च. हम जावा म्हणून प्लगची अर्थ पिन कधीही तोडू नका. त्यासाठी डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त सिग्नलचं ग्राउंड तोडतं.

हम कुठून येतो ते ओळखायची सोपी रीत आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर बेसची वायरिंग ठीक आहे, पिकअप आजूबाजूचं काहीतरी पकडतोय; जागा बदला, लाइटपासून दूर व्हा. हात लावून काहीच फरक पडत नसेल तर पुलाखालची ग्राउंड वायर तुटलेली असू शकते. डीआय जोडल्यावरच हम येत असेल तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी जोडलं गेलेलं ग्राउंड), तिथे लिफ्ट दाबा.

वायरलेस घेतला तर एक फायदा असा की बेसच्या तारा अर्थिंगपासून सुटतात आणि झटक्याची वाटच तुटते. पण २.४ गिगाहर्ट्झचे सेट गर्दीतल्या मोबाइल-वायफायमध्ये अडखळतात, म्हणून रिसीव्हर स्टेजवर नजरेच्या टप्प्यात ठेवा आणि लीड गळ्याशी तयार असू द्या.

पिशवीत जास्तीची लीड, दोन एक्सएलआर, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, तारांचा सेट, त्या बेसच्या अ‍ॅलन चाव्या, अ‍ॅम्पच्या मापाचे टाइम-डिले फ्यूज, गॅफर टेप आणि टॉर्च. अमेरिकेहून कोणी सामान आणून देत असेल तर मागे ११५/२३०चा स्विच आहे का ते आधी बघा. फक्त १२० व्होल्टवर चालणारा अ‍ॅम्प इथे थेट लावला की तो जळतोच.

जुना बेस घेणार असाल तर या गोष्टी समोरच तपासा: नेकवरून डोळा लावून पीळ आहे का, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर हळू वाजवून कुठे सूर मरतो का (सातव्या फ्रेटच्या आसपास बारीक तारेवर थोडा मेलेला सूर बऱ्याच बेसमध्ये असतो, पण तो अगदीच लवकर विझत असेल तर सोडून द्या), ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरायला जागा आहे का, जॅकमध्ये लीड हलवल्यावर खरखर येते का. खरखर हे भाव कमी करायचं कारण आहे, बेस नाकारायचं नाही; जॅक बदलणं अर्ध्या तासाचं काम. संपलेला ट्रस रॉड मात्र कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.